कुत्र्याच्या पुढ्यात काय ठेवाल?

रहिमतपूरसारख्या बाजाराच्या गावात मटणाचे दुकान आणि कुत्री यांचे नाते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सकाळी बकरे कापले की दुकानापुढे दहा-पाच कुत्री गोल करून बसतात. फुप्पूस, वजडीचा खराब भाग, गाठी आलेले काळीज असे जे गिऱ्हाईक घेत नाही ते त्यांच्याकडे भिरकावले जाते. कुत्री तुटून पडतात, क्षणात जागा साफ होते. खाटीक म्हणतो, "मुक्या जनावराचे पोट भरले." जाणारा-येणारा म्हणतो, "घाण गेली." दोघांनाही बरे वाटते.

ही झाली जुनी रीत. आता तिला नव्या विद्येची जोड मिळाली आहे. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा सुट्टीत गावी येताना लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू घेऊन येतो आणि आईला बजावतो, "आई, याला भाकरी घालू नकोस. कुत्रा म्हणजे लांडग्याचा वंशज. त्याला कच्चे मांसच पाहिजे, तेच नैसर्गिक." मोबाईलवर त्याने तसे पाहिलेले असते. आई विचारात पडते. भाकरी आणि ताकावर तिने आजवर राखणीची चार कुत्री सांभाळली, ती काय निसर्गाविरुद्ध जगली?

प्रश्न वरवर कुत्र्याचा दिसतो, पण तो घरातील माणसांचाही आहे. आपली घरे दोन खोल्यांची. अंगण तेच, पडवी तीच. जेथे कुत्रे लोळते तेथेच लेकरू रांगते. अशा घरात कुत्र्याच्या तोंडात काय जाते यावर लेकराच्या पोटात काय जाणार हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून वाचक बंधु-भगिनींनो, या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करूया.

ही विद्या आली कोठून?

कुत्र्यासाठी कारखान्यात तयार केलेले खाद्य ही तशी अलीकडची गोष्ट. जेम्स स्प्रॅट नावाच्या गृहस्थाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला सुरुवात केली. पुढे शंभर वर्षांत हा धंदा जगभर पसरला. त्याच्याविरुद्ध आवाज उठवला ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य डॉ. इयान बिलिंगहर्स्ट यांनी. १९९३ साली त्यांनी 'गिव्ह युवर डॉग अ बोन' हे पुस्तक लिहिले. कुत्र्याला डबाबंद आणि पाकिटातले खाद्य देऊ नका. कच्ची मांसल हाडे, कच्चे अवयव आणि थोडा भाजीपाला द्या, असे त्यांचे म्हणणे. तेथून कच्च्या आहाराची चळवळ वाढत गेली आणि आता ती आपल्या मुलांच्या मोबाईलपर्यंत पोहोचली आहे.

त्यांचे सगळेच चूक, असे म्हणता येणार नाही. कुत्र्याला मांस पचते, आवडते आणि त्याच्या शरीराला उपयोगीही पडते. घरातल्या ताज्या अन्नावर कुत्रे चांगले जगू शकते, हेही खरे. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांना पाकीट परवडत नाही, तेव्हा त्या पाकिटाची तरफदारी करण्याचे आपल्याला कारण नाही. पण प्रश्न मांसाचा नाही, कच्च्याचा आहे. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ साली जाहीरपणे सांगितले की, कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस घालू नये. कारण त्यात साल्मोनेला, ई-कोलाय असे जंतू असतात. ते कुत्र्याच्या पोटात जातात. कुत्रे ठणठणीत दिसते, पण त्याच्या शेणातून, लाळेतून, थाळीवरून ते घरातल्या माणसांकडे येतात. लहान मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाई यांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. आणि हे मत कोणत्या देशातले? जेथे मांस तपासून, शिक्का मारून, बर्फात गोठवून विकले जाते त्या देशातले! झाडाखाली ओंडक्यावर कापलेल्या आणि दुपारपर्यंत उन्हात टांगलेल्या मांसाबद्दल मग काय म्हणावे?

घरच्या फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे मांस निर्धोक झाले, असे काहींना वाटते. थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. बाहेर काढले की ते पुन्हा वाढू लागतात. मारते ती उष्णता.

भाकरी खाणारा प्राणी

"कुत्रा म्हणजे लांडगा" हे अर्धेच सत्य आहे. कुत्रा लांडग्याच्या वंशातून आला हे खरे. पण तो माणसाच्या सोबतीला आला त्याला पंधरा हजार वर्षे तरी होऊन गेली. इतकी वर्षे माणसाच्या चुलीजवळ राहून तो आतून बदलला. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. धान्यातील पिष्ट पचवणारा जो रस शरीरात तयार होतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. म्हणजे माणूस शेती करू लागला, धान्य शिजवून खाऊ लागला, तसे त्याच्या दारातले कुत्रेही ते पचवायला शिकले.

माण-खटावकडून मेंढरे घेऊन कृष्णाकाठाकडे उतरणाऱ्या धनगरांची कुत्री पाहा. सोलापूर-सांगलीकडची लांब तोंडाची, सडपातळ कारवान कुत्री पाहा. शिकारीत ती वाऱ्यासारखी पळतात. पण पिढ्यानपिढ्या ती वाढली ती ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर, कण्यांवर, दुधा-ताकावर. मांस मिळेल तेव्हा मिळेल. तेव्हा आपल्या आईने घातलेली भाकरी अनैसर्गिक नव्हती.

यातून आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. कुणाचा पूर्वज कोण होता यावरून तो आज काय खाईल, कसा जगेल हे कायमचे ठरत नाही. जगण्याने, सवयीने, सोबतीने प्राणी बदलतो. ज्या समाजाला "तुमचा जन्मच तसला" असे सांगून हजारो वर्षे एका जागी बांधून ठेवले, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कच्च्याच्या बाजूने आणखी एक समजूत गावोगाव आहे. कच्चे रक्त-मांस चाखले की कुत्रे तिखट होते, राखण चांगली करते. ही निव्वळ अंधश्रद्धा होय. कुत्रे राखण करते ते माया आणि शिकवण यांमुळे. अर्धपोटी ठेवलेले, मारलेले, साखळीला जखडलेले कुत्रे चावरे होते, आणि ते चोर-साव ओळखत नाही; शेजारच्या पोरालाही चावते.

काळजातील पाण्याची गाठ

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मेंढी, बकरी किंवा म्हैस कापल्यावर कधी कधी काळजावर किंवा फुप्पुसावर पांढरट, पाण्याने भरलेली गाठ दिसते. खाटीक तेवढा भाग कापून कुत्र्यापुढे टाकतो. डॉक्टरी भाषेत हिला हायडॅटिड गाठ म्हणतात. त्या पाण्यात एका जंताची शेकडो-हजारो सूक्ष्म डोकी असतात.

ती कच्ची गाठ कुत्र्याने खाल्ली की प्रत्येक डोक्याचा कुत्र्याच्या आतड्यात एक जंत तयार होतो. जंत इवलासा, काही मिलिमीटर लांबीचा. कुत्र्याला त्याचा काही त्रास होत नाही. ते खेळते, खाते, शेपूट हलवते. पण सुमारे दीड महिन्यानंतर त्याच्या शेणातून जंताची अंडी बाहेर पडू लागतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. मातीत, गवतावर, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर, ते चाटते त्या तोंडावर ती चिकटून राहतात. बकरी ते गवत खाते आणि तिच्या काळजात पुन्हा गाठ तयार होते. आणि लेकरू कुत्र्याला कुरवाळून, मातीत खेळून, हात न धुता भाकरीचा तुकडा तोंडात घालते, तेव्हा तेच अंडे लेकराच्या पोटात जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मटण खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. माणसाला तो कुत्र्याच्या शेणातील अंड्यांपासून होतो. म्हणजे बकरी ते कुत्रे आणि कुत्रे ते माणूस अशी ही साखळी आहे.

माणसाच्या काळजात किंवा फुप्पुसात ही गाठ फार हळूहळू वाढते. वर्षानुवर्षे काही कळत नाही. लहानपणी पोटात गेलेले अंडे तरुणपणी पोटदुखी, खोकला, बरगडीखाली गोळा अशा रूपाने समोर येते. मग सोनोग्राफी, महिनोन्‌महिने गोळ्या, पुष्कळदा मोठी शस्त्रक्रिया. गाठ आत फुटली तर जीवावर बेतते. रोजावर जाणाऱ्या घरात एका माणसाचे असे आजारपण म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. आपल्या देशात, महाराष्ट्रातसुद्धा, कत्तलखान्यातील जनावरांत या गाठी आढळतात. त्यामुळे हा परदेशातला रोग म्हणून सोडून देता येत नाही.

साखळी तोडणे मात्र अगदी सोपे आहे. गाठ असलेले काळीज-फुप्पूस कुत्र्याला घालायचेच नाही. ते खोल पुरायचे किंवा जाळायचे. बाकीचे मांस कुत्र्याला द्यायचे ते पुरते शिजवून. गाठीचे काळीज-फुप्पूस अर्धा तास खळखळून उकळले तर त्यातील जंत मरतात, असे आढळून आले आहे. एका जर्मलच्या पातेल्याचे काम आहे!

एका पुस्तिकेने केलेले काम

हे खरोखर घडू शकते काय? घडलेले आहे. युरोपच्या उत्तर टोकाला आइसलँड नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील लोक मेंढरांवर जगत. घरोघरी राखणीची कुत्री. मेंढरू कापले की आतडी-काळीज कुत्र्यापुढे. जगात सर्वांत जास्त हायडॅटिड रोग ज्या देशांत होता त्यांत आइसलँड होते. १८६३ साली डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे तेथे गेले. त्यांनी कुत्री तपासली, मेंढरे तपासली आणि साखळी ओळखली. पण ते अहवाल लिहून गप्प बसले नाहीत. लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली आणि १८६४ साली ती आइसलँडच्या घरोघरी फुकट वाटण्यात आली.

तेथील शेतकरी गरीब होते, पण बहुतेकांना वाचता येत होते. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातला एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे लोकर पिंजत, विणत ऐकायचे, अशी त्यांची रीत. ती पुस्तिका तशी घरोघरी पोहोचली. पुढे १८९० साली कायदा झाला: कुत्र्यांना जंताचे औषध देणे आणि गाठीचे अवयव नष्ट करणे बंधनकारक झाले. विसाव्या शतकात तो रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. न्यूझीलंडनेही कुत्र्यांना कच्चे अवयव घालण्यावर बंदी आणून, कुत्र्यांना नियमित जंतनाशक देऊन हीच वाट धरली. २००२ साली त्या देशाने आपण या रोगातून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर केले.

तेथे ना मोठी यंत्रे होती, ना महागडी लस. वाचलेले समजून घेतले आणि समजलेले आचरणात आणले. 'शिका' हा परमपूज्य बाबासाहेबांचा संदेश आपण शाळा-कॉलेजपुरता मानतो. तो चुलीपाशी आणि अंगणातही लागू आहे.

मेलेले ढोर आणि मोकाट कुत्री

कच्च्या मांसाचा दुसरा साठा म्हणजे गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर. या विषयाशी आपल्या समाजाचा इतिहास जोडलेला आहे. जुन्या गावगाड्यात ढोर मेले की ते ओढून नेणे महारांच्या माथी होते. त्याच्या बदल्यात कातडे आणि मृतमांस. गाव एका हाताने काम लादत होते आणि दुसऱ्या हाताने "हे मेलेले खातात" म्हणून बोट दाखवत होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे, मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकून देण्याचे आवाहन केले. ज्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी पिता येत होते, त्या तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी त्या वेळी प्रथम ओंजळीत घेतले. उष्टे, शिळे, मेलेले यांतून समाज बाहेर पडला तो असा.

ज्या प्रवासाची कथा बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिली तो प्रवास याच भागातला. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे जाताना लहानगा भीमराव भावंडांबरोबर आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरला. ती गाडी रहिमतपूरवरूनच पुढे जाते. पुढच्या बैलगाडीच्या वाटेवर मुलांजवळ जेवणाचा डबा होता; पण अस्पृश्य म्हणून पाणी कुणी दिले नाही, आणि पाण्यावाचून ती उपाशी राहिली. अन्न पोटाइतकेच मानाशीही बांधलेले असते, हे आपण अशा अनुभवातून शिकलो.

१९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील महार वतनासारखी कनिष्ठ वतने रद्द झाली. ढोर ओढायला कुणी कुणाला हुकूम करण्याचा काळ संपला. पण मेलेल्या ढोराची विल्हेवाट लावण्याचे काम तर राहिलेच. ते आता कोणत्याही जातीचे नाही. ते ग्रामपंचायतीचे, नगरपरिषदेचे आहे. पुष्कळ गावांत ते नीट होत नाही, आणि ढोर ओढ्याकाठी, रस्त्याकडेला पडून राहते.

पूर्वी आकाशातून गिधाडे उतरत आणि काही तासांत हाडे तेवढी उरत. १९९० नंतर गिधाडे झपाट्याने कमी झाली. आपल्याकडच्या मुख्य जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. जनावरांना सूज-वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारण असल्याचे शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर भारतात बंदी आली. पण गेलेली गिधाडे परत आली नाहीत. रिकामी जागा कुत्र्यांनी भरून काढली. मेलेल्या ढोरावर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या होतात. ती एकमेकांशी भांडतात, चावतात, आणि रेबीज एकातून दुसऱ्यात जायला वाट मिळते. पहाटे परसाकडे किंवा कामावर निघालेल्या बाईवर अशी टोळी धावून येते, तेव्हा तो दोष एकट्या कुत्र्याचा नसतो. मांस उघड्यावर टाकणाऱ्या व्यवस्थेचाही असतो.

म्हणून गावाने ढोर ओढायला आपल्याला हाक मारू नये. पण ढोर उघड्यावर पडले असेल तर आपण नगरपरिषदेला हाक मारावी. खोल खड्डा, वर चुना, वर माती, आणि काम करणाऱ्याला हातमोजे व पूर्ण मजुरी. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचीच जबाबदारी आहे. पाच-पन्नास सह्यांचा एक अर्ज वस्तीने द्यायला काय हरकत आहे?

राजवाड्याची कुत्री आणि स्मशानातली कुत्री

जातककथांकडे आपण बोधकथा म्हणून पाहतो. त्यात कुक्कुर जातक नावाची एक कथा आहे. मुलांना रात्री सांगण्यासारखी आहे.

वाराणसीच्या राजाचा रथ एका रात्री अंगणात उभा राहिला. पाऊस पडला, रथाचे चामड्याचे पट्टे भिजून मऊ झाले. राजवाड्यातल्या जातिवंत कुत्र्यांनी ते रातोरात खाऊन टाकले. सकाळी सेवकांनी राजाला सांगितले, बाहेरून कुत्री आली आणि त्यांनी पट्टे खाल्ले. राजाने चौकशी न करता हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. राजवाड्यातली कुत्री तेवढी वगळली. गावातली कुत्री जीव घेऊन स्मशानाकडे पळाली. तेथे बोधिसत्त्व त्यांचा नायक होता. तो निर्भयपणे राजसभेत गेला आणि त्याने राजाला विचारले, चामडे कोणी खाल्ले हे तुम्हाला माहीत आहे काय? नाही ना? मग माहीत नसताना गरिबांना मारायचे आणि घरच्यांना सोडायचे, हा कसला न्याय? त्याने थोडे ताक आणि दर्भाचे गवत मागवले. गवत ताकात कुस्करून राजवाड्याच्या कुत्र्यांना पाजले. ती ओकली, आणि ओकारीतून चामड्याचे तुकडे बाहेर पडले! राजा खजील झाला. त्या दिवसापासून त्याने सर्व कुत्र्यांसाठी रोजचे अन्न सुरू केले.

पुरावा मागणे, दुर्बळाला विनाकारण शिक्षा न करणे आणि ज्याला आपण पोसतो त्याचे अन्न नियमाने देणे, हे तीन बोध या कथेत आहेत. कुत्री वाढली म्हणून त्यांना विष घालण्याचे प्रकार घडतात. पंचशील घेणाऱ्याने त्यापासून दूर राहावे. १९३४ च्या फेब्रुवारीत राजगृहावर काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो पुष्कळांच्या घरी आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी! घरातल्या मुक्या जीवाला कुटुंबात जागा देण्याची ही रीत आपल्यालाही शोभते.

काही उपासक विचारतात, बौद्धाच्या घरात कुत्र्यासाठी मांस शिजवावे काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार स्पष्ट केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत भेद करावा लागतो. दुकानातले जे मांस वाया जाणार ते नीट शिजवून एका जीवाला घालण्यात शीलभंग नाही. शिजवणे न शिजवणे हा धर्माचा प्रश्न नाही, आरोग्याचा आहे.

मग घालायचे काय?

नुसती भाकरी-दूध पुरत नाही. त्यात प्रथिने आणि चुना कमी पडतो. नुसते मांसही पुरत नाही. त्यात चुना जवळजवळ नसतो, आणि पिल्लाला केवळ मांसावर वाढवले तर त्याची हाडे कच्ची राहून पाय वाकतात. दोन्ही मिळून अन्न पुरे होते.

कोंबडीच्या दुकानात पोटा, काळीज, माना, पाय कमी पैशात मिळतात. बकऱ्याचे घ्यायचे तर गाठ नाही हे पाहून घ्यावे. कुत्र्यासाठी वेगळे पातेले ठेवावे. मांस धुऊन, पाणी घालून चांगले शिजेपर्यंत उकळावे. मीठ-मसाला नको. त्यातच लाल भोपळा किंवा गाजर, थोडी शिजलेली डाळ घालावी. हाडे वेगळी काढावीत, आणि त्या रश्शात ज्वारी-बाजरीची भाकरी कुस्करावी किंवा कण्या शिजवाव्यात. अंड्याची टरफले उकळून, वाळवून, बारीक कुटून त्याची चिमूटभर पूड घातली की चुना मिळतो. पिल्लाला किती द्यायची ते पशुवैद्यांना विचारावे. पंधरा किलोच्या आसपास वजनाच्या मोठ्या कुत्र्याला दिवसभरात दोन मध्यम भाकरी आणि पाव किलोच्या आसपास शिजवलेले मांस, हे दोन वेळांना वाटून, असा ढोबळ अंदाज धरावा. मांस परवडत नसेल त्या दिवशी एक-दोन उकडलेली अंडी चालतात. बरगड्या मोजता येतील इतके कुत्रे रोडावले तर अन्न वाढवावे, कंबर दिसेनाशी झाली तर कमी करावे. पाणी सदैव भरलेले असावे.

काही जिन्नस मात्र कटाक्षाने टाळावेत. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. म्हणून घरातला कालवणाचा रस्सा घालू नये. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक. तासगावकडे द्राक्षबागेत, बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चॉकलेट विषारी. खारट सुकट-बोंबील नको. शिजवलेली हाडे, विशेषतः कोंबडीची, चिरफळून टोकदार होतात आणि आतडे फाडतात. जयंतीच्या किंवा लग्नाच्या पंगतीनंतर पत्रावळी उघड्यावर फेकू नयेत. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना ढाळ लावते, ताक सोसते.

अन्न घालायची जागा आणि थाळी ठरलेली असावी. कुत्र्याचे शेण रोज उचलून खड्ड्यात पुरावे. लेकराने कुत्र्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. पालेभाजी धुऊन घ्यावी. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंतनाशक द्यावे. फीतकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध चालते. साधी जंताची गोळी प्रत्येक वेळी त्यावर पुरत नाही, म्हणून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तसे विचारून घ्यावे. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अवघड दुखण्यासाठी तेथपर्यंत जाता येते. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. आणि कोणतेही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची लावण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस वाचवते.

यातील एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय घ्यावा. महिला मंडळाने एखाद्या पशुवैद्याला बोलावून घ्यावे. वाचता येणाऱ्या मुलीने आजीला हा लेख वाचून दाखवावा. मटणाच्या दुकानदाराशी भांडण न करता, गाठीचे काळीज कुत्र्यापुढे टाकू नका, पुरा, एवढे त्याला समजावून सांगावे. आणि पुण्याहून पिल्लू घेऊन आलेल्या मुलाला आईने खुशाल सांगावे, "तुझे कुत्रे मांस खाईल, पण माझ्या घरात ते शिजवूनच खाईल, आणि भाकरीसंगं खाईल."